एचआयव्ही: लवकर तपासणी, लवकर गोळी. कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत एचआयव्हीबद्दल उघड बोलणारी माणसं कमी, विचारणारी मात्र पुष्कळ. बहुतेक वेळा प्रश्न स्वतःसाठी नसतो, ‘एका ओळखीच्या माणसासाठी’ असतो. तसं विचारलं तरी चालतं. खालच्या सगळ्या उत्तरांमागे एकच गोष्ट आहे: लागण झाल्यापासून पहिली गोळी पोटात जाईपर्यंतचा काळ जितका लांबतो, तितकी या विषाणूला पुढे पसरायला जागा मिळते. तो काळ कमी करणं आपल्या हातात आहे.

गोळी खाणार आजारी माणूस. त्याने दुसऱ्याची लागण कशी थांबते?

एचआयव्ही रक्तातल्या सीडीफोर पेशींमध्ये, म्हणजे आजारांशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये, शिरतो आणि तिथे स्वतःच्या प्रती काढत राहतो. त्या रक्तात येतात, वीर्यात येतात, योनीतल्या स्रावात आणि आईच्या दुधात येतात. एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीवरच्या उपचाराच्या, गोळ्या ही प्रती काढण्याची प्रक्रियाच अडवतात. रोज गोळी घेणाऱ्या बहुतेकांच्या रक्तातला विषाणू सहा महिन्यांच्या आत इतका खाली येतो की यंत्रालाही सापडत नाही. विषाणू शरीरात उरतो, पण लपून. संबंधातून जोडीदारापर्यंत पोहोचेल इतका तो बाहेर नसतो.

हे नुसतं तर्काने मांडलेलं नाही. एकाला एचआयव्ही आहे आणि दुसऱ्याला नाही अशा १,७६३ जोडप्यांचा ‘एचपीटीएन ०५२’ नावाचा मोठा अभ्यास नऊ देशांत झाला. त्यात आपल्याकडची जोडपीही होती, पुण्याची आणि चेन्नईची. २०११ मध्ये त्याचे आकडे आले: लवकर उपचार सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली होती. पुढे २०१९ मध्ये युरोपातल्या ‘पार्टनर’ अभ्यासाचा दुसरा टप्पा प्रसिद्ध झाला. त्यातल्या पुरुष जोडप्यांमध्ये कंडोमशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध आला होता, आणि विषाणू दबलेल्या जोडीदाराकडून लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. स्त्री-पुरुष जोडप्यांबाबत पहिल्या टप्प्यातही हेच दिसलं होतं.

म्हणून आता स्पष्ट सांगता येतं: व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, चाचणीत सापडत नसेल आणि गोळ्या नियमित चालू असतील, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. ‘कमी होते’ असं नाही, होतच नाही. हे वाक्य आपल्या गावागावांत अजून पोहोचलेलं नाही आणि त्यापायी किती संसार विनाकारण भीतीत चालले आहेत, याचं फार वाईट वाटतं.

लवकर म्हणजे किती लवकर? सीडीफोर चांगला असेल तर थांबतात ना?

पूर्वी थांबत. सरकारी एआरटी १ एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली, तेव्हा सीडीफोर पेशींचा आकडा २०० च्या खाली गेल्यावर गोळ्या सुरू होत. मग ही रेषा ३५० वर आली, पुढे ५०० वर. २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या अभ्यासाने दाखवलं की सीडीफोर ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केलेल्यांना गंभीर आजार आणि मृत्यूचा धोका निम्म्याहून कमी होतो. २०१७ पासून भारतात रेषाच राहिली नाही. निदान झालं की उपचार, सीडीफोर कितीही असो.

तरी अजून जुने रुग्ण नव्यांना सांगतात, ‘तुझा सीडीफोर सातशे आहे, एवढ्यात गोळ्यांच्या मागे लागू नकोस.’ सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते, कारण त्याच्या वेळी डॉक्टरांनी त्याला हेच सांगितलं होतं. पण आज तो सल्ला चुकीचा आहे.

थोडं थांबावं लागतं ते काही मोजक्या कारणांसाठी. क्षयरोग निघाला तर आधी त्याची औषधं सुरू करतात आणि त्यानंतर लवकरच एआरटी. मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग असेल तर काही आठवडे थांबतात. हा निर्णय केंद्रावरच्या डॉक्टरांचा. घरी बसून ठरवायचा नाही.

माका तर काय एक होणा नाय, मगे तपासणी कित्याक?

होत नाही म्हणूनच. लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, घसा दुखणं, अंगावर पुरळ असं अनेकांना काहीतरी येऊन जातं, आणि पावसाळ्यात कोकणात तापाला तोटा नसतो, त्यामुळे कोणाचं लक्षही जात नाही. नेमक्या याच आठवड्यांत रक्तातला विषाणू सगळ्यात जास्त असतो. त्यानंतर अनेक वर्षं माणूस धडधाकट असतो, होडी ओढतो, कलमं करतो, लग्न करतो. या सगळ्या वर्षांत त्याच्याकडून दुसऱ्याला लागण होऊ शकते.

वजन घटल्यावर, तोंडात पांढरा थर आल्यावर किंवा क्षयरोग निघाल्यावर जो तपासायला येतो, त्याच्यावरही उपचार होतात आणि तो उभाही राहतो. पण मधली वर्षं परत मिळत नाहीत.

चाचणी कोणती करतात? रिपोर्ट कधी खात्रीचा मानायचा?

सरकारी एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आयसीटीसीत, चाचणी मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग थोडंसं रक्त. पहिली रॅपिड चाचणी निगेटिव्ह आली तर तिथेच संपलं. पॉझिटिव्ह आली तर वेगळ्या किटवर दुसरी आणि तिसरी करतात. तिन्ही पॉझिटिव्ह आल्यावरच निदान पक्कं. गावातल्या खासगी लॅबमध्ये एकाच पट्टीवर ‘पॉझिटिव्ह’ लिहून दिलेला कागद हातात असेल, तर त्यावर जीव टांगणीला लावू नका, आयसीटीसीत जाऊन खात्री करा.

विंडो पिरियड, म्हणजे लागण झालेली असूनही चाचणीत न दिसण्याचा काळ, मात्र लक्षात ठेवा. धोका घडल्यावर दुसऱ्याच दिवशी केलेली चाचणी काही सांगत नाही. साध्या रॅपिड चाचणीसाठी तीन महिने पूर्ण झाल्यावरचा निगेटिव्ह रिपोर्ट खात्रीचा. आधी करून घ्यायला हरकत नाही, पण तीन महिन्यांनी पुन्हा करा आणि तोवर कंडोम वापरा.

रक्तदान केलं की चाचणी आपोआप होते ना?

कृपा करून हे करू नका. विंडो पिरियडमधलं रक्त चाचणीतून सुटू शकतं आणि ते एखाद्या बाळंतिणीला चढू शकतं.

आमच्या तालुक्यात तपासलं तर गावभर होईल. तिथली नर्स आमच्याच वाडीतली आहे.

ही भीती खरी आहे. कोकणात वाडीतल्या माणसाला कोण कुठल्या एसटीने गेलं तेही ठाऊक असतं. त्यामुळे ‘लाजू नका’ एवढं सांगून भागत नाही.

कायदा तुमच्या बाजूने आहे. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा २०१७ चा, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. तुमच्या लेखी संमतीशिवाय कर्मचाऱ्याने तुमची स्थिती बाहेर सांगणं हा त्या कायद्याचा भंग आहे. कायद्याने जीभ बांधता येते असं मी म्हणत नाही, पण तक्रार करायला जागा आहे हे आयसीटीसीतल्या प्रत्येकाला ठाऊक असतं, आणि बहुतेकजण ही गोपनीयता मनापासून पाळतात.

शिवाय आपल्याच तालुक्यात तपासलं पाहिजे असा नियम नाही. सावंतवाडीकडची माणसं गोव्यात किंवा बेळगावात जातात, चिपळूणची कराडला, दापोली-मंडणगडची मुंबईला. जा, खुशाल जा. चाचणीला एखाद-दोनदाच जायचं असतं. उपचाराचं केंद्र निवडताना मात्र हिशेब वेगळा लावा, कारण तिथे वर्षानुवर्षं जायचं आहे. पावसात आंबा घाट किंवा करूळ घाट बंद पडला म्हणून गोळ्या चुकल्या असं व्हायला नको. जिल्हा रुग्णालयात गर्दी असते. तिथे आलेला माणूस दाताला आला की डोळ्याला, कुणी विचारत नाही.

मी खलाशी आहे. आठ-आठ दिवस समुद्रात. मला हे कसं जमणार?

जमतं. आता बहुतेकांना दिवसातून एकच गोळी असते, टीएलडी. तिच्यात टेनोफोविर, लॅमिवुडिन आणि डोल्युटेग्राविर ही तिन्ही औषधं एकत्र. जेवणानंतरच घ्यायला हवी असं नाही आणि ती फ्रिजमध्येही ठेवावी लागत नाही. फक्त ओल लागू देऊ नका. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, खाऱ्या हवेत मोकळ्या पाकिटात नको. वेळ घड्याळापेक्षा कामाला बांधलेली बरी, उदाहरणार्थ रात्रीचं जेवण झालं की. जाळं ओढताना राहिलीच तर आठवल्याबरोबर घ्या, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नका.

फेरी किती दिवसांची आहे ते केंद्रावर आधीच सांगा. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णाला एकावेळी जास्त महिन्यांच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे, पण तुम्ही बोटीवर असता हे त्यांना कळायला तर हवं.

तपासणीचं वेळापत्रक ठरवणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. यांत्रिक बोटींची मासेमारी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते. होड्या शाकारलेल्या, माणसं घरी. मिरकरवाडा, हर्णै, मालवणकडच्या गाववाल्यांना गाठायला हा काळ उत्तम. पण नेपाळचे आणि कर्नाटकातले खलाशी बंदी लागताच आपापल्या मुलखात गेलेले असतात. त्यांच्यासाठी शिबिर मेअखेरच्या आधी जेटीवरच लावायला हवं, आणि त्यांच्या भाषेत बोलणारा माणूस सोबत हवा. आंबा बागांमधल्या नेपाळी गड्यांचंही तेच. हंगाम संपला की बाग रिकामी होते.

नाव मुंबईच्या केंद्रात, गणपतीला गावी आलो आणि गोळ्या संपल्या.

जवळच्या एआरटी केंद्रात तुमचं उपचाराचं पुस्तक घेऊन जा. प्रवासातल्या रुग्णाला दुसऱ्या केंद्रातून तात्पुरत्या गोळ्या देण्याची सोय आहे. कायमचंच गावी यायचं असेल तर मुंबईतून रीतसर ट्रान्सफर करून घ्या. टाळेबंदीत कितीतरी चाकरमानी पुस्तकाशिवाय, नुसत्या रिकाम्या डबीवर गावी पोहोचले होते. पुस्तकाच्या पानांचा फोटो मोबाइलमध्ये असू द्या. पुस्तक नसलं तरी जा, आधीच्या केंद्राशी फोनवर बोलून मार्ग काढतात. मुंबईला परत गेल्यावर बघू म्हणून गोळ्या थांबवणं हा मात्र मार्ग नाही.

नवऱ्याला आहे, बायकोला नाही. आता संसाराचं काय?

संसार चालू ठेवायचा. पण क्रमाने.

आधी बायकोची चाचणी, आणि मुलांपैकी कोणाची करायची ते समुपदेशकांशी बोलून. नवऱ्याची गोळी त्याच आठवड्यात सुरू. व्हायरल लोड दबल्याचा रिपोर्ट येईपर्यंत प्रत्येक वेळी कंडोम. पहिली व्हायरल लोड चाचणी साधारण सहा महिन्यांनी होते. ती येईपर्यंत ‘गोळ्या चालू आहेत, म्हणजे झालं’ असं समजू नका. एचपीटीएन ०५२ मध्ये उपचार सुरू असतानाही जी थोडी लागण झाली, ती विषाणू दबण्याआधी किंवा गोळ्या निष्फळ ठरल्यावर झाली होती. पुढेही कंडोम वापरायचा की नाही हे जोडप्याने ठरवावं. इतर गुप्तरोग आणि नको असलेली गर्भधारणा एआरटीने थांबत नाही.

मूल हवं असेल तर व्हायरल लोड दबल्यावर नैसर्गिक पद्धतीनेही होऊ शकतं. डॉक्टरांना आधी सांगा, एवढंच.

आता अवघड भाग, जोडीदाराला सांगण्याचा. समुपदेशकासमोर दोघांनी बसून हे बोलणं सगळ्यात सोपं जातं. कायद्याने जोडीदाराचं रक्षण करण्याची जबाबदारी रुग्णावर टाकली आहे, पण त्याच कायद्यात हेही आहे की सांगितल्यामुळे मारहाणीची किंवा जिवाची भीती असेल, विशेषतः बाईला, तर तिच्यावर ती सक्ती नाही. हे मुद्दाम लिहितो, कारण आपल्याकडे पुष्कळदा बायकोची चाचणी आधी होते, गरोदरपणात, आणि मग ‘हिनेच आणलं’ म्हणून तिलाच माहेरी पाठवतात. जिची चाचणी आधी झाली तिला लागणही आधी झाली, असा अर्थ होत नाही.

गरोदरपणात कळलं तर बाळाचं काय?

या पानावरची सगळ्यात आशेची बाब हीच. काहीच केलं नाही तर गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून १५ ते ४५ टक्के बाळांना लागण होते. आईला वेळेवर एआरटी आणि बाळाला औषध मिळालं तर हे प्रमाण ५ टक्क्यांच्या खाली येतं, आणि आईचा व्हायरल लोड दबलेला असेल तर त्याहूनही बरंच खाली.

म्हणून पहिल्या तीन महिन्यांतच नाव नोंदवा आणि एचआयव्हीची चाचणी करून घ्या. उपकेंद्रातही ती होते. आशाताई घरी आल्या की टाळू नका. ओटीभरणानंतर बाळंतपणाला माहेरी जाण्याची आपल्याकडे रीत आहे. जाताना गोळ्या आणि सगळे कागद सोबत न्या, आणि माहेरजवळचं केंद्र आधीच गाठून ठेवा. सासर देवगडचं आणि माहेर राजापूरचं म्हणजे जिल्हाही बदलतो, केंद्रही.

बाळ जन्मल्यावर त्याला किमान सहा आठवडे औषध असतं. सहा आठवड्यांचं झालं की टाचेतून रक्ताचे थेंब कागदावर घेऊन तपासणीला पाठवतात. त्यानंतरही ठरावीक काळाने तपासण्या होतात आणि अठरा महिन्यांनी शेवटची. पहिली निगेटिव्ह आली की पुढच्या सोडून देणारे खूप आहेत. सोडू नका, दूध चालू असेपर्यंत धोका पूर्ण संपलेला नसतो. स्तनपान करायचं ठरलं तर पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं काही नाही, गुटीसुद्धा नाही. आजी रागावेल, तिला समजावून सांगावं लागेल.

काल रात्री कंडोम फाटला. आता?

वाचत बसू नका, निघा. ७२ तासांच्या आत पीईपी नावाचा औषधांचा कोर्स सुरू करता येतो, आणि जितका लवकर सुरू तितका उपयोगी; दोन तासांत झाला तर उत्तम. कोर्स २८ दिवसांचा. जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रीही विचारा. बलात्कार झालेल्या व्यक्तीलाही हे औषध मिळायला हवं. पोलीस ठाण्यातल्या कागदपत्रांसाठी ते थांबवून ठेवू नये.

धोका वारंवार येत असेल तर आधीपासून घ्यायच्या गोळ्याही आहेत, त्यांना प्रेप म्हणतात. समुपदेशकाशी बोला.

रिपोर्टवर ‘टीएनडी’ आलंय. मी बरा झालो का?

टीएनडी म्हणजे विषाणू सापडला नाही. ही मोठी आनंदाची बातमी आहे, पण बरं होणं नव्हे. गोळ्या थांबवल्या की काही आठवड्यांत विषाणू परत वर येतो. मध्येच थांबवून, मध्येच सुरू करून चाललं तर तो औषधांना दाद देईनासाही होऊ शकतो.

आकडा आला असेल तर १,००० च्या खाली दबलेला मानतात आणि त्या पातळीला लागणीचा धोका नगण्य असतो. १,००० च्या वर गेला तर ओरडा खायच्या भीतीने केंद्रावर जाणं टाळू नका. कुठे चुकतंय ते बघून पुन्हा तपासतात.

गोळ्यांनी त्रास होतो का?

सुरुवातीला मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं; बहुतेकांचं काही आठवड्यांत थांबतं. वजन वाढू शकतं. एक बारीक गोष्ट फार जणांना कुणी सांगत नाही: पित्ताची अँटासिड, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्राविरचा असर कमी करतात. अँटासिड घ्यायचंच असेल तर टीएलडी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या. गरोदर बायकांना लोह आणि कॅल्शियम रोजच चालू असतं, त्यांनी वेळा नर्सकडून लिहूनच घ्याव्यात. क्षयरोगाचं औषध चालू असेल तर डोल्युटेग्राविरची एक जादा गोळी लागते.

आखाती मेडिकलमध्ये अनफिट झालो. घरी काय सांगू?

रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांत पहिली चाचणी व्हिसासाठीच होते, आणि आखाती देश एचआयव्ही असलेल्याला कामाचा व्हिसा देत नाहीत. माणूस परत येतो, ‘एजंटने फसवलं’ म्हणून सांगतो आणि कागद फाडून टाकतो. पुढे दोन-तीन वर्षं उपचाराविना जातात. घरी काय सांगायचं ते नंतर ठरवा. आधी आयसीटीसीत जाऊन खात्री करा आणि असेल तर गोळी सुरू करा. परदेशच्या नोकरीवर आपला कायदा चालत नाही, पण इथे चालतो: लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात असो वा बोटीवर, नोकरी देण्यासाठी एचआयव्ही चाचणीची अट घालता येत नाही आणि या कारणावरून भेदभाव करून कामावरून काढता येत नाही. शंभर किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमणं बंधनकारक आहे.

डास, न्हावी, एकाच ताटात जेवण?

डासाने नाही, जेवणाने नाही, मिठीने नाही. न्हाव्याकडे नवीन ब्लेड मागा, ते एरवीही चांगलं.

एक वैद्य मुळापासून बरं करतो म्हणतात.

नाही करत. गोळ्या थांबवायला सांगणाऱ्यापासून उठून या.

सगळ्यांची चाचणी करून टाकली की साथ थांबेल ना?

दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताळमध्ये हे करून पाहिलं. घरोघरी चाचणी झाली, लोकांनी ती करूनही घेतली. पण पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी बरेचजण दवाखान्यात वेळेवर पोहोचलेच नाहीत, आणि नव्या लागणींचं प्रमाण अपेक्षेसारखं खाली आलं नाही. चाचणी आणि गोळी यांच्यामध्ये जो रस्ता आहे, तिथेच माणसं गळतात.

आपल्याकडे हा रस्ता खराखुरा रस्ता आहे. मंडणगडच्या आतल्या वाडीतून जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे पहाटेची एसटी, दिवसाची मजुरी बुडाली, संध्याकाळी परत. म्हणून रिपोर्ट हातात देऊन ‘आता जिल्ह्याला जा’ म्हणणं पुरेसं नाही. पहिल्या खेपेला कोणीतरी सोबत जायला हवं: समुपदेशक, आशाताई, किंवा आधीपासून उपचार घेणारा माणूस. शिबिरात किती चाचण्या झाल्या हे विचारण्यापेक्षा पॉझिटिव्ह आलेल्यांपैकी किती जणांची गोळी महिन्याभरात सुरू झाली, हे विचारायला हवं.

जाताना काय न्यायचं, कुठे विचारायचं?

चाचणीला उपाशीपोटी जायची गरज नाही. एआरटी केंद्रात पहिल्यांदा जाताना आयसीटीसीचा रिपोर्ट, ओळखपत्र आणि चालू असलेल्या इतर औषधांच्या चिठ्ठ्या न्या. पहिल्या दिवशी रक्ताच्या बऱ्याच तपासण्या होतात, खोकल्याबद्दल आणि क्षयरोगाबद्दल विचारतात, त्यामुळे अर्धा दिवस तरी जातो. शेवटची एसटी किती वाजता आहे ते तिथे पोहोचल्यावर लगेच सांगा. जवळचं केंद्र शोधायचं असेल किंवा नाव न सांगता बोलायचं असेल तर १०९७ हा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे, आणि त्यावर मराठीत बोलता येतं.